उकंडकाकांच्या जिवाचा घोर

आमच्या घरात एक ख्रिस्ती काका होते, असं मी सांगते तेव्हा ऐकणारा आधी माझ्या तोंडाकडे बघतो आणि मग कपाळावरच्या कुंकवाकडे. त्याला वाटतं, म्हातारीची काहीतरी गफलत होते आहे. गफलत बिफलत काही नाही. आमचं लोणारच्या माळ्याचं घर, खाऱ्या तळ्याच्या काठावरून पडणाऱ्या गोड्या धारेच्या पाण्यावर वांगी, मेथी, कांदे पिकवणारं. निवृत्ती माळी माझे बाबा, आणि उकंडकाका त्यांचे सख्खे धाकटे भाऊ. एक भाऊ मळ्यात पाणी फिरवायचा आणि दुसरा दुसरबीडच्या बाजारात खंजिरी वाजवत येशूची गाणी म्हणायचा. दोघांचा आवाज मात्र सारखाच, फाटका. पाठमोऱ्या माणसाला कोण बोललं ते कळायचं नाही.

उकंडराव हे नाव कसं पडतं, हे आमच्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. पुण्याहून आलेल्या माझ्या नातसुनेला सांगावं लागलं. बाबांच्या पाठची दोन पोरं पाळण्यातच गेली. म्हणून त्यानंतरचा मुलगा झाला तेव्हा आजीनं त्याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर लोळवून आणला आणि नाव ठेवलं उकंडा. टाकलेलं पोर कोण नेतं, असा त्यामागचा हिशेब. पुढे मिशनमधल्या पाद्री साहेबांनी काकांना चांगलं ख्रिस्ती वळणाचं नाव देऊ केलं. काका म्हणाले, "ज्या नावानं मायनं मले जगवलं, ते टाकलं तं देव मले वळखन कसा?" साहेब हसले म्हणे, आणि नाव तेच राहिलं.

काका ख्रिस्ती झाले ते एका मोडक्या पायापायी. ऐन जवानीत भाजीची गाडी उतारावर उलटली आणि चाक मांडीवरून गेलं. वैदूनं हात टेकले, तेव्हा बाबांनी त्यांना गाडीत गवत पसरून, मेहकरच्या पलीकडे मिशनचा एक लहानसा दवाखाना होता, तिथे नेऊन घातलं. पाय बरा व्हायला उन्हाळा उलटला. तेवढ्या काळात काका अक्षरं शिकले, धर्मपुस्तक वाचायला शिकले, आणि एका दुपारी बाबा त्यांना आणायला गेले तर म्हणाले, "दादा, मी बाप्तिस्मा घेतला." बाबा तिथेच पायरीवर बसले. मग भावाला गाडीत घालून निघाले. लोणारच्या वेशीवर आल्यावर बाबांनी एवढंच विचारलं, "पाय दुखते काय?"

मग जातपंचायत बसली. पंचांत मोठे होते कारभारीबुवा, मिशा पिळत बोलणारे. ठरलं असं, की उकंड्यानं भावाच्या घरी यावं, ओट्यावर बसावं, वेगळ्या ताटात जेवावं; पण त्याच्या हातचं पाणी घरातल्या कोणी प्यालं तर घर जातीबाहेर. बाबांच्या पदरी आम्ही मुली. जातीबाहेरच्या घरातल्या पोरी कोण करून नेणार? बाबांनी होकाराची मान हलवली. मला लहानपणी त्या मानेचा फार राग यायचा. स्वतःच्या लेकी उजवायची वेळ आली तेव्हा माझीही मान तशीच हलली असती, हे कळल्यावर राग कमी झाला.

त्या दिवसांची आठवण आली की अजून मेथीच्या ओल्या जुड्यांचा वास येतो. काका आता मिशनचे उपदेशक झाले होते. काळा कोट, कोपरावर विरलेला. डोक्याला पांढरा रुमाल. पाय जरा ओढत चालायचे. मायची, म्हणजे माझ्या आईची, सोजराबाईची, हाक ओट्यावर यायची, "भाऊजी, ठेचा तिखट झाला बरं." आणि काका म्हणायचे, "वयनी, तुमचा ठेचा खाल्ला की मले पाप कबूल कराले डोयातून पानी आपोआप येते." जेवण झालं की दोघे भाऊ मळ्यात. बाबा पाटातलं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडायचे, फावड्यानं माती ओढून एक तोंड बंद, दुसरं उघडं. आणि काका बांधावर बसून त्यांना येशूच्या गोष्टी सांगायचे.

बाबांना गोष्टी ऐकायला फार आवडायच्या. मासे धरणाऱ्यांची गोष्ट आली की म्हणायचे, "आपल्या तयात तं एक मासा नाही, सारं खारं पानी. तुह्या देवानं इथं काय केलं असतं बे?" काका म्हणायचे, "त्यानं तुह्यासारख्या माळ्याले धरलं असतं." हसून झालं की काका गंभीर व्हायचे. त्यांच्या बोलण्याचा शेवट ठरलेला. येशूवाचून तारण नाही, दुसरं दार नाही, दादा, तू ये. बाबांचं उत्तरही ठरलेलं. "आयकून राह्यलो मी, बोल. पाट फुटला काय तेवढं पह्य."

वर्षानुवर्षं हे असं चाललं. आम्हाला तो खेळ वाटायचा. काकांना तो खेळ नव्हता. ज्या भावानं त्यांना गवत पसरून गाडीत निजवलं, तो भाऊ मेल्यावर कायमचा अंधारात जाणार आणि आपण उजेडात बसणार, हे त्यांच्या मनाला रोज डाचत होतं. आपल्याकडे कसं, एक जन्म बिघडला तर दुसरा आहे. काकांच्या हिशेबात एकच जन्म होता, आणि बाबांचे केस पिकायला लागले होते.

मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते, त्या वर्षीची गोष्ट. काका आले, जेवले, मळ्यात गेले, आणि वांग्यावरच्या किडीबद्दल बोलून परत गेले. येशूचं नाव नाही. पुढच्या खेपेला तेच. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. माय म्हणाली, "बरं झालं बाई, कान किटले होते." पण बाबा चुटपुटायला लागले. माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात काकांना पंगतीत बसवता आलं नव्हतं, ते मनात धरून बसला असेल, असं त्यांना वाटलं. माणूस गप्प झाला की आपण आपलंच पाप शोधतो.

शेवटी एका दुपारी बाबांनी फावडं बांधावर आपटलं. मी बाजूलाच आंब्याखाली बाळाला मांडीवर घेऊन जुड्या बांधत होते. बाबा म्हणाले, "काऊन बे, तुहं पुरान बंद काऊन केलं? रागावला काय माह्यावर?"

काकांनी सांगितलं ते ऐकून माझ्या हातातली जुडी सुटली.

उपदेशकांच्या बैठकीत काकांनी पाद्री साहेबांना विचारलं होतं, की ज्यांनी येशूचं नाव कधी ऐकलंच नाही, त्या बिचाऱ्यांचं काय होणार? साहेब म्हणाले, ज्यांनी ऐकलं नाही त्यांचा न्याय देव त्यांच्या मनातल्या उजेडाप्रमाणे करील, त्यांच्याबद्दल मी तोंड उघडणार नाही. पण ज्यानं ऐकलं आणि घेतलं नाही, त्याला सबब उरत नाही. काकांनी भीत भीत बाबांचं नाव काढलं. साहेब म्हणाले, "तुझ्या भावानं ऐकलं आहे, उकंडराव. तुझ्याच तोंडून ऐकलं आहे."

"मीच तुले बुडवलं, दादा," काका म्हणाले. "मी गप बसलो असतो तं तू सुटला असता. म्हून आता बोलत नाही. जेवढं कमी आयकशीन तेवढं बरं."

बाबांना हसू फुटलं, पोट धरून हसले. "म्हंजे मले नसतं सांगतलं तं मी सरळ आत? मंग लेका, इतके वर्सं माह्या मागं काऊन लागला होता? सुखानं वांगे पिकवू देल्ले असते!" मीही हसले. काका हसले नाहीत. ते ढसाढसा रडत होते, म्हातारा माणूस, काळा कोट घालून. बाबांचं हसू तिथल्या तिथे विरलं. ते चिखलाच्या पायांनी बांधावर जाऊन काकांना खेटून बसले, आणि मागे पाट फुटून मेथीचा वाफा वाहून गेला तरी उठले नाहीत.

मला त्या पाद्री साहेबाचा असा संताप आला होता म्हणून सांगू! गावात दिसला असता तर चार शब्द सुनावले असते. देवाच्या दाराशी असा सबबींचा हिशेब चालत असेल तर तो देव की कचेरीतला कारकून, असं मी मायजवळ म्हटलं. माय म्हणाली, "तू चूप. आपल्याकडं काय कमी हिशेब हायेत?"

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर बाबांना कावीळ झाली, म्हणून मी माहेरी आले. झाडपाला झाला, पथ्य झालं, डोळे हळदीसारखे पिवळे ते पिवळेच. काका आले तेव्हा दुपार होती. ओट्यावर कारभारीबुवा आणि आणखी दोघे बसले होते. काका दारात थबकले. बाबांनी आतून आवाज दिला, "आत ये." इतक्या वर्षांत पहिल्यांदा काका उंबरठा ओलांडून माजघरात आले आणि बाबांच्या उशाशी टेकले.

बाबा बरंच थांबत थांबत बोलले. "घाल बे पानी माह्या डोक्यावर. तुमच्यात मरनाच्या येळी कोनीबी घालू शकते म्हनते ना? घाल. मेल्यावर माहं काय व्हायचं ते होईन, पन तू माह्या पायी जित्तेपनी मरून राह्यला."

मायनं पदर तोंडात धरला. तिनं एकदा ओट्याकडे पाहिलं आणि एकदा बाबांकडे. पण ती नको म्हणाली नाही. मी तर मनात म्हणत होते, घाला काका, एकदाची कटकट मिटवा.

काकांनी माठातून तांब्या भरून घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी कधी पाहिला नव्हता. अर्धं आयुष्य ज्याची वाट पाहिली ते समोर आलं होतं. रीतीप्रमाणे त्यांनी विचारलं, "दादा, येशू ख्रिस्त तारनारा हाय, यावर तुहा इश्वास हाय काय?"

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. "तुह्यावर हाय," ते म्हणाले. "तेवढ्यानं भागते काय?"

काकांनी तांब्या मांडीवर टेकवला. दुष्काळात धान्यासाठी बाप्तिस्मा मागायला आलेली माणसं या काकांनीच परत पाठवली होती. मनात होकार नसेल तर ते पाणी नुसतं पाणी, हे ते साऱ्यांना सांगत आले होते. या वेळी एकदा डोळेझाक केली असती तर कोण विचारणार होतं? भाऊ वाचला, असं म्हणून पुढची रात्र सुखानं झोपता आलं असतं. पण देवाला फसवायचं त्यांना जमलं नाही, आणि भावाकडून फसवून घ्यायचंही जमलं नाही.

"नाही भागत, दादा," ते म्हणाले.

"मंग ते पानी कायले वाया घालवतं?" बाबा म्हणाले. "मले पाज. तहान लागली."

काकांनी बाबांची मान हातावर घेतली आणि तांब्या ओठाला लावला. बाबा घोट घोट करून प्याले, सारं प्याले. ओट्यावरून कारभारीबुवांना सगळं दिसत होतं. ते उठले, धोतर झटकलं, वहाणा पायात घातल्या आणि निघून गेले. त्यांनी त्यावर कधी पंचायत बोलावली नाही, एवढं त्यांच्या पदरात घालायलाच हवं.

बाबा दोन दिवसांनी गेले. काका तिरडीमागे दूर अंतरावरून पाय ओढत आले आणि जाळ विझेपर्यंत बाभळीखाली उभे राहिले. पाद्री साहेबही पुढच्या आठवड्यात घोड्यावरून आमच्या दारी आले. मी चार शब्द तयार ठेवले होते. पण तो उंच गोरा माणूस ओट्यावर न बसता खाली जमिनीवर बसला आणि मायला त्याच्या अडखळत्या मराठीत म्हणाला, "बाई, मला नियम माहीत आहे, तो मी सांगितला. निवाडा मला माहीत नाही." मायनं त्याला गुळाचा खडा आणि पाणी दिलं. माझे चार शब्द पोटातच राहिले.

माझं सासर दुसरबीडचं. बाजारच्या दिवशी आमची भाजी बसायची, तिथून काकांची जागा दिसायची. बाबा गेल्यावर बरेच बाजार काका आलेच नाहीत. मग एकदा आले, खंजिरी वाजवली, गाणं म्हटलं, आणि माणसं जमल्यावर बोलायला लागले. आवाज ऐकून मला बाबाच बोलताहेत असं वाटलं. येशूवाचून दुसरं दार नाही, इथपर्यंत आले आणि मिरच्या विकणारा कडूबा, ज्याला कोणाची खोडी काढल्याशिवाय भाकर पचायची नाही, तो मोठ्यानं म्हणाला, "बुवा, मंग तुमचा भाऊ कुठी गेला? नरकात काय?"

मी तराजू खाली ठेवला. हो म्हणावं तर ज्याच्या हातून भाऊ पाणी प्याला त्यानंच आपल्या तोंडानं त्याला जाळायचं. नाही म्हणावं तर जन्मभर सांगितलेलं सगळं खोटं. काकांनी खंजिरीवरची झांज बोटानं चाचपली.

"दार एकच हाय," ते म्हणाले. "ते म्या बदललं नाही, बदलनार नाही. पन दार माहं नाही, कडूबा. मी राखनदार बी नाही. मी रस्ता सांगनारा मानूस. माह्यासारख्या उकिरड्यावरच्या मानसाले भावाची एवढी माया, तं ज्यानं त्याच्यासाठी जीव देल्ला त्याले माह्याहून कमी असन काय? मी रोज त्याले इनंती करतो. त्यानं अजून मले नाही म्हनलं नाही."

कडूबानं मान खाली घातली आणि मिरच्यांवर उगाच पाणी शिंपडलं. काका खंजिरी पिशवीत घालून चालू लागले. मिशनमधल्या काहींना ते उत्तर कच्चं वाटलं, काहींना फार धीट वाटलं. पाद्री साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं होतं. काय बोलणं झालं ते काकांनी सांगितलं नाही, पण बाजारात ते शेवटपर्यंत येत राहिले, आणि ती विनंतीही करत राहिले असतील.

आमच्या वऱ्हाडाचा कारभार नागपूरहून चालत होता, तोवरच काकाही गेले. बायको नाही, मूल नाही. मिशनच्या दफनभूमीत त्यांना पुरलं. आम्ही गेलो होतो. गाणी छान म्हटली त्यांनी, फुलंही घातली. परत येताना गाडीत माय एकदम रडायला लागली. मी म्हटलं, "माय, सुखानं गेले ते, आता कायले रडतं?"

"भाऊजींले गती कशी भेटन वं?" माय म्हणाली. "अग्नी नाही, पिंड नाही, नावानं पानी सोडाले कोनी नाही. त्यायचा जीव कुठी फिरत असन?"

बाबांसाठी जो घोर काकांना लागला होता तोच आता उलट्या बाजूनं मायला लागला. तिनं भटजींना विचारलं. ते म्हणाले, धर्म सोडला त्याचं श्राद्ध नाही, शास्त्रात बसत नाही. कारभारीबुवांना विचारलं, तर ते म्हणाले, मला आता ऐकू येत नाही. मिशनच्या एका बाईला विचारलं. ती म्हणाली, सोजराबाई, ते आमच्यात चालत नाही, त्यांना ते आवडणार नाही. तिन्ही दारं बंद. तेव्हापासून मायचं अन्नावरचं मन उडालं होतं.

आखाजीचा, म्हणजे अक्षय तृतीयेचा, दिवस आला, मी माहेरी होते. आमच्याकडे त्या दिवशी पितरांच्या नावानं घागर भरतात आणि जेवायला बोलावतात. मायनं पुरण घातलं, चिंचेचं सार केलं, कुरडया तळल्या. माजघरात बाबांचं पान मांडलं. मग त्याच्या शेजारी, बाबांच्या पानाला लावून, दुसरं पान मांडलं. त्याला हळदकुंकू लावलं नाही, मंत्र नाही, पाणी सोडलं नाही. "त्यायच्यात चालत नाही," ती मला म्हणाली. नुसतं वाढलं, ठेचा थोडा जास्त. मग दारात जाऊन उभी राहिली आणि मळ्यातल्या माणसाला हाक मारावी तशी हाक मारली.

"भाऊजी, या जेवाले. तुमच्या येशूले इचारून या. वयनीनं बलावलं म्हनावं." डोळे पुसले. "आन् तो नाही म्हनला, तं त्याले बी संगं घेऊन या."

मग ती आत आली आणि तिसरं पान मांडायला लागली.